आण्णांनी उसवलेली पिशवी

निपाणीत आमचं घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. नवा माणूस गल्लीत शिरला की त्याला ठसका लागायचा, शिंकांवर शिंका यायच्या आणि आम्ही पोरं दारात उभी राहून हसायचो. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे. उलट सुट्टीत बेळगावला मावशीकडे गेले की पहिले काही दिवस हवेत काहीतरी कमी पडल्यासारखं व्हायचं. उजाडलं की वखारीतल्या चाळण्या सुरू होत, त्यांची घसघस दिवसभर चाले. पलीकडच्या गल्लीत बायका दारात बसून बिडीची पानं कातरायच्या, त्या कात्र्यांची कचकच वाऱ्यावर आमच्या परसापर्यंत येई. वखारीत कामाला जाणाऱ्या बायका आमच्या दारावरूनच घोळक्यानं जात. डोईवर पदर, हातात भाकरीचं फडकं, मोठमोठ्यानं बोलणं आणि त्याहून मोठ्यानं हसणं. आई आणि थोरली आई सोप्याच्या खिडकीआडून त्यांच्याकडे बघत उभ्या राहायच्या. कोण कुणाला काय म्हणालं, कुणाचं लुगडं नवं आहे, कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे, एवढं सगळं त्या दोघींना त्या खिडकीतूनच कळायचं.

घर आण्णांचं होतं. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. जमीन बोरगावला, तिच्यात तंबाखू, राहणं निपाणीत. आण्णांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला मी थोरली आई म्हणायची आणि तिनंही मला लेकीसारखंच वाढवलं. माझे वडील आप्पा, आई आणि मी, अशी आम्ही पाच माणसं. आप्पा रोज सायकलवरून शेताकडे जात आणि दिवस मावळता परत येत. ते फार कमी बोलत. आण्णा बोलले की आप्पा मान हलवत आणि तेवढ्यावर घरातल्या सगळ्या गोष्टी ठरत.

आण्णांचा निपाणीत दरारा होता. सीमेच्या प्रश्नावर ते जाहीरपणे बोलत, मोर्चात पुढे असत, एकदा त्यांना पोलिसांनी धरूनही नेलं होतं. सुटून आले तेव्हा थोरल्या आईनं दारात त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता आणि सोप्यावर बसायला जागा उरली नव्हती, एवढी माणसं आली होती. "आपल्या हक्काचं असंल ते सोडायचं न्हाय. समोर कोन का असंना," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कुठल्या शब्दावर थांबणार आणि मांडीवर थाप कधी मारणार, हेही मला पाठ झालं होतं. लहानपणी मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी त्यांना कधी आपलं मानलंच नाही.

आमच्या घरातल्या बायका बाजारात जात नसत. हा नियम कुणी केला आणि का केला, हे कुणाला सांगता आलं नसतं. आपण घरंदाज, एवढंच उत्तर होतं. बाजारच्या दिवशी आण्णा दुपारनंतर पिशवी घेऊन निघत. आधी मित्राच्या दुकानात बसत, तिथं चहा होई, राजकारण होई, पुन्हा चहा होई, आणि बाजार उठायला आला की ते भाजीकडे वळत. मग जे उरलेलं असे ते घरी येई. उन्हानं मान टाकलेली मेथी, बोटानं मोडता न येणारी जून भेंडी, एका बाजूनं मऊ पडलेले टोमॅटो, आणि वांगी. वांग्यांचं काय सांगू! आई विळीवर बसून एकेक वांगं चिरायची, आत अळी निघाली की तेवढा भाग काढून टाकायची, पुन्हा चिरायची, पुन्हा काढायची. टोपलीभर वांग्यांची वाटीभर भाजी होत असे. आणि जेवताना आण्णा विचारत, "एवढी आनलीया, भाजी कमी कशी?" मोठ्या दिरांशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. आई पदर सारखा करून चुलीकडे वळायची आणि भाकरी थापायला लागायची.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि मी सुट्टीला बेळगावला मावशीकडे गेले. मावशी कॅम्पात राहायची. काका फौजेत, वर्षातला बहुतेक काळ दूर कुठेतरी. त्यामुळे बाजार, रेशन, बँक, दवाखाना, सगळं मावशी एकटीच करायची. दाराच्या मागे खिळ्याला तिची पिशवी टांगलेली असे. सुती दोऱ्याची, क्रोशानं विणलेली जाळीची पिशवी. रिकामी असली की मुठीत मावायची. आणि बाजारातून येताना तिच्यात बटाटे, कांदे, कोबी, वर कोथिंबीर, असं सगळं असायचं आणि ती ताणत ताणत मावशीच्या गुडघ्यापर्यंत आलेली असायची. शेजारच्या एका ख्रिस्ती बाईनं मावशीला हे काम शिकवलं होतं. त्या सुट्टीत मावशीनं मला शिकवलं.

"आदी साखळी घाल. त्याचं गोल कर. आता त्यात खांब, म्हंजी उभं टाकं, घालत जा," ती म्हणायची आणि तिची सुई दोऱ्यात शिरून बाहेर आलेली मला दिसायचीसुद्धा नाही. माझी सुई मात्र दर टाक्याला अडायची. मी दोरा आवळून धरायची. मावशी माझ्या बोटांवर हलकी चापट मारून म्हणायची, "सैल सोड गं! एवढं घट्ट विनलीस तर कांदं कुठं मावनार?" रोज सकाळी मी तिच्याबरोबर बाजारात जायची. मावशी कोबीचा गड्डा हातात घेऊन दाबून बघायची, शेंग मोडून बघायची, विकणाऱ्याशी अर्धं मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये भांडायची, आणि भांडण झालं की त्याच्याच घरच्यांची चौकशी करायची. मला ते सगळं सणासारखं वाटायचं. आईची सख्खी बहीण ही. दोघी एका घरात वाढल्या, एका ताटात जेवल्या. आणि एकीला बाजार म्हणजे रोजचं काम, तर दुसरीनं तो लग्नानंतर डोळ्यांनी पाहिलाही नाही. हे असं का, म्हणून मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तुज्या आईला ईचार." मग म्हणाली, "नगं ईचारू. तिला रडू यील."

निपाणीला परत येताना मावशीनं क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं दिली. घरी माझ्या विणकामाचं कौतुक झालं, आणि सगळ्यात जास्त केलं ते आण्णांनीच. मी रेडिओवर घालायला झालर विणली, दाराला तोरण विणलं, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली जाळी विणली. सोप्यावर कुणी आलं की आण्णा ते तोरण दाखवत. "आमच्या शालननं केलंय," म्हणत. आलेला माणूस म्हणे, "वा! पुढं दाखवायला बरं हाय." हे ‘पुढं दाखवायला’ म्हणजे कशाला, ते मला कळत होतं. निकाल लागला, मी पास झाले, गावातल्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं. पण तेही पुढं दाखवायलाच, हेही कळत होतं.

एका बाजारच्या दिवशी आण्णांनी पुन्हा तसलीच वांगी आणली. आई विळीवर बसली. एक चिरलं, टाकलं. दुसरं चिरलं, टाकलं. मी शेजारी बसून तिसऱ्या झालरीचा कोपरा विणत होते. आईनं आणखी एक चिरलं आणि ते तसंच हातात धरून बसून राहिली. नुसती त्या वांग्याकडे बघत बसली. मी हातातली झालर खाली ठेवली. ती झालर मी नंतर कधीच पुरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी विणायला घेतली. मावशीचा पातळ दोरा चालणार नव्हता. खताची, पेंडीची, साखरेची पोती घरी येत, त्यांच्या तोंडाची शिवण उसवून निघणारा सुती दोरा थोरली आई गुंडाळून ठेवायची. योग्य टोक सापडलं की ती शिवण सर्रकन सुटते, चुकीचं सापडलं की बसा ओढत. असे दोऱ्याचे गुंडे तिच्याकडे पुष्कळ होते. मी मागितले, तिनं दिले. कशाला, हेही विचारलं नाही. तीन पदर एकत्र घेऊन मी विणायला लागले. दोरा तुकड्यातुकड्यांचा, त्यामुळे दर थोड्या अंतरावर गाठ. तळ गोल आणि दाट खांबांचा, त्यावर साखळ्यांची जाळी, तोंडाला पुन्हा दाट काठ, आणि खांद्यात अडकवता येईल असा लांब बंद. जाड दोऱ्यानं बोट सोलून निघालं. मी बोटाला फडकं बांधलं आणि विणत राहिले.

पिशवी पुरी झाली, तेव्हा आण्णांनी ती पाहिली आणि खूश होऊन विचारलं, "ह्ये काय केलंस नवीन?"

"बाजारची पिशवी हाय," मी म्हणाले.

"लई चांगली झालीया. ह्या टायमाला हीच न्हेतो की."

"तुमच्यासाठी न्हाय आण्णा. मी जानार हाय बाजारला."

ते हसले. त्यांना थट्टाच वाटली. मी हसले नाही, तेव्हा त्यांचं हसू उतरलं. "आपल्या घरातल्या बायका बाजार करत न्हाईत," ते म्हणाले. मी म्हणाले, "करत न्हाईत म्हनूनच किडकी वांगी खातोय." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आण्णांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, बंदाचं शेवटचं टोक शोधलं आणि ओढलं.

क्रोशाचं काम असं उसवायला लागतं तेव्हा बघवत नाही. ज्या टाक्यांना दिवस गेले, ते श्वास घ्यायच्या आत सुटतात. बंद एका लांब अखंड दोऱ्याचा होता, तो सगळा सुटला. आण्णांना वाटलं असेल, एका ओढीत काम होईल. पण बाकीचा माझा दोरा तुकड्यांचा होता. काठापाशी पहिली गाठ अडली. त्यांनी हिसका दिला, ती आणखी आवळली. मग ते आरामखुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि नखानं गाठ सोडवायला लागले. ती सुटली, वीतभर दोरा निघाला, पुन्हा गाठ. ज्या माणसाच्या आवाजानं चौक शांत व्हायचा, तो माणूस भर दुपारी सोप्यावर बसून माझ्या गाठी सोडवत होता, आणि आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. मध्येच थोरल्या आईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण आण्णांनी ऐकलं. जाळी निम्मी उसवली होती. त्यांनी राहिलेली पिशवी आणि दोऱ्याचा गुंता माझ्या पुढ्यात टाकला आणि पायात चपला अडकवून बाहेर गेले.

क्रोशाची पिशवी तळापासून विणतात आणि वरून उसवतात, म्हणून तळ शेवटपर्यंत राहतो. माझा तळ जसाच्या तसा होता. आता मी पुन्हा विणायला बसले ती आत नाही. सोप्यावर, आण्णांच्या खुर्चीसमोर, भिंतीला टेकून बसले. जिथं गावातली चार माणसं येऊन बसत, तिथं. आईनं आतून दोनदा हाक मारली. मी उठले नाही. उसवलेल्या दोऱ्याला मुरड पडलेली असते, तो नव्या दोऱ्यासारखा सरळ चालत नाही, त्यामुळे या वेळची वीण वेडीवाकडी होत होती. तरी मी विणत होते. आण्णांकडे आलेल्या एका गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, "काय करालीस गं बाळ?" मी सांगितलं, "बाजारची पिशवी. पुरी झाली की बाजारला जानार." ते आण्णांकडे बघून हसले. आण्णा हसले नाहीत. माणसं गेल्यावर म्हणाले, "बाजारात पाऊल टाकलंस तर कालेज बंद. ध्यानात ठेव."

मला त्या वाक्याची भीती वाटली, आणि फार वाटली. कॉलेजात जायचं माझं केवढं मन होतं! गल्लीतल्या मुलींत पास झालेली मी एकटीच होते. दोन दिवस सुई हातात धरवेना. पण मग मला वाटायला लागलं, की आज पिशवीवरून कॉलेज बंद होणार असेल, तर उद्या ते कशावरूनही बंद होईल. जे दुसऱ्याच्या मर्जीनं मिळतं ते मर्जीनंच जातं. म्हणून मी बंद पुरा विणला.

बाजारच्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा आण्णा बाहेर गेले होते. आई चुलीपाशी बसून राहिली, ना जा म्हणाली ना नको. थोरल्या आईनं मला परसात बोलावलं, पदराची गाठ सोडली आणि त्यात होतं नव्हतं ते माझ्या मुठीत दाबलं. "मेथी घेताना मुळं बघ," एवढंच म्हणाली. तिला हे कुणी शिकवलं असेल? माहेरी कधीतरी आईबरोबर गेली असेल.

बाजारात शिरल्यावर मी पिशवीचा बंद खांद्यावर घट्ट धरला. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, तरी सगळा बाजार माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. चिकोडीकडच्या खेड्यांतून आलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. त्यातल्या एका ठसठशीत कुंकू लावलेल्या बाईनं "बा तंगी, बा!" म्हणून मला धाकट्या बहिणीसारखी हाक मारली, आणि मी तिच्या वांग्यांपुढं उकिडवी बसले. काटेरी देठांची, जांभळी, पाण्याचे थेंब असलेली वांगी. असली वांगी निपाणीत मिळतात हे मला माहीतच नव्हतं. एकेक हातात घेऊन, उलटंसुलटं बघून मी तागडीत टाकत होते, तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. कुणीतरी त्यांच्या मित्राच्या दुकानात जाऊन सांगितलं असणार. आण्णा होते.

"घरला चल," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"भाजी घेऊन येतो आण्णा."

"शालन, लोक बघालेत."

"बघू देत की. मी काय चोरी करालोय?"

"उद्यापास्नं कालेज बंद तुजं."

हातातलं वांगं मी तागडीतच टाकलं. मग उठून उभी राहिले. त्यांच्यासमोर एवढ्या जवळ, मान वर करून मी आधी कधी उभी राहिले नव्हते. "बरं, करा बंद," मी म्हणाले. "पन तुमीच म्हंता न्हवं, आपल्या हक्काचं सोडायचं न्हाय, समोर कोन का असंना? सरकारला म्हंता. मग घरात का न्हाय म्हनत?"

त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. तो हात तसाच हवेत राहिला, आणि त्यांच्या माझ्यामध्ये ती वांगीवाली बाई तागडी घेऊन उभी राहिली. तिचं मराठी मोडकं होतं, पण आवाज खणखणीत होता. "अण्णा, माल घेणार काय तुमी? न्हाय घेणार तर बाजूला सरा. माझं गिऱ्हाईक हाय ते." आजूबाजूच्या बायका हसल्या. वखारीत जाणाऱ्या, आमच्या दारावरून जाणाऱ्या, त्यांतल्याही काही होत्या. आण्णांनी हात खाली घेतला आणि ते गर्दीतून निघून गेले. मी पुन्हा खाली बसले. आता घाई नव्हती. वांगी घेतली, मुळं बघून मेथी घेतली, मिरच्या घेतल्या, आल्याचा तुकडा घेतला. पिशवी ताणत ताणत गुडघ्यापर्यंत आली. येताना मी मागच्या बोळानं आले नाही, मधल्या रस्त्यानं आले.

त्या दिवशी आईनं भरली वांगी केली. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाची चटणी, सगळं मन लावून. तेलाचा तवंग आला आणि सगळ्या घरातून तंबाखूचा वास जाऊन वांग्यांचा वास भरला. आण्णा आणि आप्पा पाटावर बसले. थोरल्या आईनं आण्णांच्या ताटात वांगं वाढलं. त्यांनी ताट पुढं सारलं. "ह्या पिशवीतलं अन्न मी खानार न्हाय. मला ठेचा वाढा. आनि ह्या घरात ज्याला माजा मान ठेवायचा असंल, त्यानं बी खाऊ नये."

आई पातेलं हातात घेऊन आप्पांसमोर उभी होती. आप्पांनी सवयीप्रमाणे मान हलवली. मग ते खाली ताटाकडे बघतच म्हणाले, "मला वाढ."

आईला ऐकूच आलं नाही. आप्पांनी मान वर केली. "वाढ गं. दोन वाढ. दिवसभर रानात हुतो, भूक लागलीया."

आईनं वाढलं. आप्पांनी भाकरी मोडली, वांगं कुस्करलं आणि खायला लागले. त्यांच्या चावण्याचा आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता. त्यांनी पुन्हा मागून घेतलं. आण्णा त्यांच्याकडे बघत होते, आणि आप्पा खात होते. मी माझ्या वडिलांना त्याआधी कधी कुणाच्या विरुद्ध एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ते विरुद्ध असं काही बोललेच नाहीत. फक्त पोटभर जेवले.

कॉलेज मात्र बंद झालं. आण्णांनी शब्द खरा केला आणि आप्पांना त्या वेळी त्यापुढं जाता आलं नाही. माझं एक वर्ष गेलं. ते कुणी मला परत दिलं नाही आणि मी ते माफही केलेलं नाही. आज आमच्या घरातली मुलं म्हणतात, आजी, त्या काळी तसंच होतं, त्यांना काय दोष द्यायचा. मी म्हणते, त्याच काळी आमच्या दारावरून शेकडो बायका कामाला जात होत्या आणि त्याच काळी माझी मावशी बेळगावात कोबीचे गड्डे दाबून बघत होती. काळाच्या अंगावर ढकलून मोकळं होता येत नाही. बेळगावात परवा एका मोठ्या दुकानात तसली जाळीची पिशवी काचेआड टांगलेली पाहिली. नातसून म्हणाली, "आजी, किती छान ना, प्लॅस्टिकला पर्याय." मी हो म्हटलं. तिचा तळ कसा घातला आहे ते मी वाकून बघत होते. यंत्राचा होता.

त्या वर्षात मी घरी बसले, पण बाजार सोडला नाही. दर बाजारला जात राहिले. आण्णांनीही हट्ट सोडला नाही. ते स्वतःची भाजी स्वतः आणत, तीच संध्याकाळची उरलेली, आणि थोरली आई ती त्यांच्यापुरती वेगळी शिजवायची. आमच्या घरात दोन भाज्या व्हायला लागल्या. पुढं कितीतरी वर्षं दोन भाज्या होत राहिल्या. गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडून तशा पिशव्या विणून मागितल्या. मी म्हणायची, विणून देत नाही, शिकवते. मग दुपारी आमच्या सोप्यावर बायका येऊन बसायला लागल्या आणि आण्णांनी आपली खुर्ची आतल्या खोलीत हलवली. पुढल्या जूनमध्ये आप्पा एका सकाळी शेताकडे गेले नाहीत. धुतलेला सदरा घातला, सायकल पुसली आणि मला म्हणाले, "चल, बस मागं." आण्णांना विचारलं का, हे मी कॉलेजच्या फाटकापर्यंत विचारलं नाही.

आई मात्र येत नव्हती. मी किती वेळा म्हणाले, चल, एकदा तरी चल. ती म्हणायची, "तू आनतीस की." भीती होती, की सवय होती, की मोठ्या दिरांचा मान होता, कुणास ठाऊक. पण एका बाजारच्या दिवशी सकाळी मी निघाले, तर आई चांगलं लुगडं नेसून सोप्यावर उभी. नेमके त्याच वेळी आण्णा वर्तमानपत्र घ्यायला बाहेर आले होते. दोघं समोरासमोर आले. आण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कुठं चाललीया?" आईनं पदर डोक्यावर घेतला, तीही माझ्याकडेच बघत होती, पण आवाज सगळ्या सोप्याला ऐकू जाईल एवढा काढला. "सांग त्यास्नी, बाजारला चाललोय म्हनावं." मला काही सांगावंच लागलं नाही. आण्णांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं आणि आम्ही दोघी पायरी उतरलो.

बाजारात ती आधी माझा हात धरून चालत होती. वांगीवाल्या बाईच्या पुढ्यात बसली आणि हात सुटला. तिनं एक वांगं उचललं, देठ बघितला, बोटानं दाबलं, ठेवलं. दुसरं उचललं. नंतर तिसरं. तागडीत एकही पडेना. मागं गिऱ्हाइकं उभी राहिली. शेवटी ती बाई म्हणाली, "किती निवडालीस गं आक्का? सगळी चांगलीच हाईत."

"निवडू दे गं," आई म्हणाली. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "आजवर दुसऱ्यानं निवडलेलीच चिरली."

बाईनं तागडी खाली ठेवली आणि मागच्या गिऱ्हाइकांना कन्नडमध्ये थांबायला सांगितलं. आईनं तिला हवी तेवढी वांगी घेतली, हवा तेवढा वेळ लावला. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली. मी म्हणाले, जड होईल, दे इकडं. तिनं दिली नाही. "थांब, अजून पल्याडची बाजू बघायची हाय," म्हणाली, आणि मी पाठीमागून येते की नाही ते न बघता गर्दीत शिरली.